मिठावर ठरते घडी

भाईंदरच्या मिठागरांत पिकते ते मीठ मुख्यतः सोडियम क्लोराइड, आणि ग्वानिनबहुल डीएनएतून आपोआप जुळणारे नॅनो-सांगाडे आखताना हाच सोडियम कळीचा ठरतो. आराखडा म्हणजे फक्त अक्षरक्रम, हा समज इथे अपुरा पडतो. 1962 मध्ये गेलर्ट, लिप्सेट आणि डेव्हिस यांनी चार ग्वानिनांचा चौकोन मांडला. आठ हायड्रोजन बंध तो बांधतात. चौकोनांची चळत लागली की मधल्या पोकळीत धातूचा आयन बसतो. पोटॅशियम तिथे सोडियमपेक्षा भक्कम आधार देतो, लिथियम फारसा नाही. माणसाच्या गुणसूत्रांच्या टोकाचा एकच क्रम सोडियमच्या द्रावणात एक घडी घेतो, पोटॅशियमसह घडवलेल्या स्फटिकात वेगळीच. म्हणून क्षार हाही आराखड्याचाच भाग धरायला हवा.

मग नेमकेपणा राहिला कुठे, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे, पण निर्णायक नाही. 1994 मध्ये मार्श आणि हेंडरसन यांनी चार ग्वानिन, दोन थायमिन, पुन्हा चार ग्वानिन एवढ्या तोकड्या क्रमातून लांबलचक ‘जी-वायर’ जुळवल्या. शिवाय घडी ओळखताही येते: पुण्याच्या ‘आयसर’मध्ये एस. जी. श्रीवत्सन यांच्या गटाने घडीगणिक चकाकी बदलणारी न्यूक्लिओसाइड्स घडवली आहेत.