मर्लो म्हणून वाढलेली कार्मेनेर

कार्मेनेर ही मूळची फ्रान्सच्या बोर्दो भागातली काळ्या द्राक्षांची जात. १८६० नंतर मुळांतला रस शोषणाऱ्या फिलॉक्सेरा किडीनं तिथल्या बागा उद्ध्वस्त केल्या आणि ही जात तिथून जवळजवळ नाहीशीच झाली. सुदैवानं तिची कलमं त्याआधीच चिलीला पोचली होती. तिथं ती मर्लो या दुसऱ्या द्राक्षजातीच्या वेलींत मिसळली आणि शंभरावर वर्षं मर्लो म्हणूनच खपली! १९९४ मध्ये फ्रेंच तज्ज्ञ ज्याँ-मिशेल बूर्सिको यांनी चिलीतल्या मळ्यात फुलांचे पिळदार पुंकेसर पाहून तिला अचूक ओळखलं. ती मर्लोपेक्षा काही आठवडे उशिरा पिकते. दोन्ही एकदम तोडली, तर वाइनला ढोबळी मिरचीसारखा हिरवट वास येतो. वेलीवर पुरती पिकू दिलेली कार्मेनेर मात्र खरोखर अप्रतिम. आज जगात सर्वाधिक कार्मेनेर चिलीतच पिकते.