‘थॅलियम टेस्ट’मध्ये थॅलियम नसते, तेव्हा

हृदय-तपासणीच्या देयकावर ‘टेक्नेशियम’ हा शब्द पाहून नातलग आमच्या कार्यालयात येतात आणि विचारतात, “डॉक्टरांनी तर थॅलियम टेस्ट लिहून दिली होती, हे दुसरेच काय लावले?” प्रश्न रास्त आहे. देणगीदारांच्या आधारावर चालणाऱ्या विभागाने त्याचे उत्तर लेखी द्यावे, म्हणून हा प्रपंच.

शिरेतून अत्यल्प किरणोत्सारी द्रव्य देतात. रक्त जेथे पोहोचते तेथे हृदयाचा स्नायू ते शोषून घेतो व गॅमा कॅमेरा त्याचे चित्र टिपतो. श्रमानंतरचे व विश्रांतीचे अशी दोन चित्रे ताडून पाहतात. १९७० च्या दशकात या कामी थॅलियम-२०१ रूढ झाले आणि तपासणीला त्याचेच नाव चिकटले. पुढे टेक्नेशियम-९९एम आले. नाव मात्र जुनेच राहिले.

थॅलियमची सोय अशी, की एकाच इंजेक्शनात दोन्ही चित्रे मिळू शकतात. परंतु त्याचे किरण दुबळे, सुमारे ७० ते ८० किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टचे. श्वासपटल, स्तन किंवा स्थूल शरीरातील चरबी त्यांना वाटेतच अडवते व निरोगी हृदयाच्या चित्रातही डाग उमटू शकतो. मग अँजिओग्राफी, तिचा खर्च आणि घरच्यांची उडालेली झोप! धडधाकट माणसाला रोगी ठरविणे ही लहान चूक आहे, असे आम्ही मानत नाही. टेक्नेशियमचे किरण १४० किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टचे असल्याने ही चूक कमी होते. पूर्ण टळते असे नव्हे. अर्धायुकालही ७३ तासांऐवजी सहाच तासांचा, त्यामुळे शरीरावरील किरणोत्सर्गाचा भार हलका. उणीव इतकीच, की इंजेक्शने दोन लागतात आणि द्रव्य यकृतातही साचत असल्याने चित्रापूर्वी अर्धा-एक तास थांबावे लागते. बाहेर बसलेल्या मंडळींना हा विलंब हलगर्जीपणा वाटतो. तो तसा नाही.

रुबिडियम-८२ व नायट्रोजन-१३ युक्त अमोनिया यांची चित्रे याहून सरस असतात. मात्र त्यांना पेट-स्कॅनर हवा. रुबिडियम ७५ सेकंदांत निम्मे होते व त्याचा जनरेटर अतिशय महाग. अमोनिया दहा मिनिटांत निम्मा होत असल्याने सायक्लोट्रॉन जवळच लागतो. आपल्या रुग्णसंख्येत तो खर्च आज समर्थनीय नाही.

टेक्नेशियम मॉलिब्डेनमच्या जनरेटरमधून, गाय दोहावी तसे, काढले जाते. मे २००९ मध्ये कॅनडातील चॉक रिव्हरची अणुभट्टी बंद पडली, ती ऑगस्ट २०१० पर्यंत. त्या काळात जगभर मॉलिब्डेनमची टंचाई झाली आणि अनेक केंद्रे पुन्हा थॅलियमकडे वळली. म्हणून थॅलियमला आम्ही रजा दिलेली नाही.

वाणिज्य शाखेत आम्ही घसारा वार्षिक दराने शिकलो. येथे तो तासांवर चालतो. सकाळी तयार केलेली मात्रा रुग्ण न आल्यास दुसऱ्या दिवशी कामास येत नाही. तरी ठरलेल्या वेळी येणे जमणार नसल्यास आदल्या दिवशी दूरध्वनीने कळवावे, ही नम्र विनंती. देयकावर यापुढे ‘हृदय-स्कॅन’ या शब्दापुढे वापरलेल्या द्रव्याचे नाव मराठीत छापले जाईल.