इयरबुक कंपन्यांमधील सर्जनशील नोकऱ्या

अमेरिकेतील शाळा व महाविद्यालयांना इयरबुक छापून देणाऱ्या कंपन्यांमध्ये मुखपृष्ठ-चित्रण, पृष्ठमांडणी, अक्षररचना, छायाचित्र-संस्करण, लेखन आणि प्रशिक्षण-साहित्याची निर्मिती अशी जी कामे केली जातात, त्यांना इयरबुक कंपन्यांमधील सर्जनशील नोकऱ्या असे म्हणता येते. या नोकऱ्यांपर्यंत पोहोचण्याचा एकच ठरावीक मार्ग नाही. कलाशिक्षणाची पदवी घेऊन येणाऱ्यांबरोबरच शालेय इयरबुकचे माजी विद्यार्थी-संपादक, माध्यमिक शिक्षक, वृत्तपत्रांतील मांडणीकार आणि त्याच कंपनीच्या छापखान्यातील कर्मचारीही या कामात आढळतात. इयरबुक हे मुळात विद्यार्थ्यांनी तयार केलेले पुस्तक असल्यामुळे चित्रकौशल्याइतकीच शाळेच्या व्यवहाराची आणि छापखान्याच्या शिस्तीची जाण येथे उपयोगी पडते.

संज्ञा

इयरबुक म्हणजे एका शैक्षणिक वर्षाची सचित्र नोंद असलेले बांधीव पुस्तक. त्यात प्रत्येक विद्यार्थ्याचे नावासह छायाचित्र, शिक्षकवर्ग, क्रीडासंघ, मंडळे, समारंभ आणि वर्षभरातील घटना यांचा समावेश असतो. महाराष्ट्रातील महाविद्यालये जो वार्षिकांक किंवा नियतकालिक प्रसिद्ध करतात, त्यात प्रामुख्याने विद्यार्थ्यांच्या कथा, कविता, लेख आणि विभागांचे अहवाल असतात. इयरबुकमध्ये छायाचित्रांना प्राधान्य असते आणि शाळेतील एकही विद्यार्थी त्यातून वगळला जाऊ नये, अशी अपेक्षा असते. हा फरक ध्यानात घेतल्यास या पुस्तकासाठी स्वतंत्र उद्योग का उभा राहिला हे समजते.

पार्श्वभूमी

येल महाविद्यालयाच्या इ.स. १८०६ च्या पदवीधर वर्गाचे छायाकृतींचे पुस्तक हे अमेरिकेतील इयरबुकचे आरंभीचे उदाहरण मानले जाते. छायाचित्रणाचा शोध लागण्यापूर्वीच्या या पुस्तकात व्यक्तींच्या चेहऱ्यांच्या केवळ बाह्यरेषा होत्या. १८६० च्या दशकात बोस्टन परिसरातील छायाचित्रकार जॉर्ज के. वॉरेन याने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना परस्परांची छायाचित्रे घेऊन ती एकत्र बांधून ठेवण्याची सवय लावली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हाफटोन पद्धतीमुळे छायाचित्रे मजकुरासोबत स्वस्तात छापता येऊ लागली आणि इयरबुक सामान्य शाळांच्या आवाक्यात आले.

या व्यवसायातील मोठ्या कंपन्यांचा उगम वेगवेगळ्या धंद्यांत आहे. जॉस्टेन्स ही कंपनी ऑटो जॉस्टेन याने १८९७ मध्ये मिनेसोटा राज्यातील ओवाटोना येथे दागिने व घड्याळदुरुस्तीचे दुकान म्हणून सुरू केली. शाळांसाठी पदके व अंगठ्या तयार करता करता ती १९५० मध्ये इयरबुकच्या व्यवसायात उतरली. हर्फ जोन्स या कंपनीची सुरुवातही १९२० मध्ये इंडियानापोलिस येथे दागिन्यांच्या व्यवसायातून झाली. मिझुरी राज्यातील मार्सेलीन येथे १९३७ मध्ये स्थापन झालेली वॉल्सवर्थ मात्र आरंभापासून मुद्रणव्यवसायातीलच होती.

शिक्षकी पेशातून या उद्योगात येण्याची परंपराही जुनी आहे. डॅनियल सी. गेनी हे पूर्वी शिक्षक व फुटबॉल प्रशिक्षक होते. १९२२ मध्ये ते जॉस्टेन्समध्ये अंगठ्यांचे पूर्णवेळ विक्रेते म्हणून रुजू झाले आणि पुढे त्यांनी कंपनीचे नेतृत्व केले. त्यांची नोकरी सर्जनशील स्वरूपाची नव्हती. परंतु शाळा आतून पाहिलेल्या माणसाला शाळांशी व्यवहार करणाऱ्या कंपनीत किती वाव असतो, हे त्यांच्या वाटचालीवरून दिसते.

कामाचे स्वरूप

इयरबुकचा आशय ठरवण्याचा अधिकार शाळेकडे असतो. विद्यार्थ्यांचे संपादक मंडळ सल्लागार शिक्षकाच्या मार्गदर्शनाखाली वर्षाची मध्यवर्ती कल्पना निवडते, पानांचा आराखडा आखते, छायाचित्रे काढते आणि मजकूर लिहिते. कंपनी छपाई, बांधणी, संगणकप्रणाली आणि सल्ला पुरवते. त्यामुळे कंपनीतील कलाकाराला दुसऱ्याच्या पुस्तकासाठी, आणि तेही बहुधा सोळा-सतरा वर्षांच्या संपादकासाठी, काम करावे लागते. ही कामे साधारणपणे पुढील प्रकारांत विभागता येतात.

मुखपृष्ठ-चित्रण: विद्यार्थ्यांनी दिलेल्या कच्च्या रेखाटनावरून किंवा केवळ एखाद्या शब्दावरून मुखपृष्ठाचे पर्याय तयार करणे. रंगीत छपाई, उठावाची छपाई, सोनेरी-रुपेरी फॉइल, कापडी आवरण अशा तंत्रांपैकी कोणते तंत्र चित्राला पेलेल आणि शाळेच्या अंदाजपत्रकात बसेल, हेही कलाकाराला पाहावे लागते.

नमुना-मांडणी: शाळांना वापरता येतील असे पानांचे तयार नमुने, अक्षरसंच, चौकटी आणि रंगसंगती तयार करणे. एक नमुना एकाच वर्षी अनेक शाळा वापरू शकतात. त्यामुळे तो लवचीक असावा लागतो आणि अननुभवी हातांतही त्याची शोभा टिकावी लागते.

छपाईपूर्व काम: छायाचित्रांचे रंग व उजेड सुधारणे, पाने छपाईयोग्य आहेत की नाहीत हे तपासणे, प्रूफ काढणे.

प्रशिक्षण व लेखन: सल्लागार शिक्षकांसाठी पाठमाला व पुस्तिका लिहिणे, उन्हाळी कार्यशाळांत विद्यार्थ्यांना शीर्षके, छायाचित्र-ओळी आणि मांडणी शिकवणे.

जाहिरात व प्रसिद्धी: कंपनीची माहितीपत्रके, नमुनाग्रंथ, ध्वनिचित्रफिती आणि संकेतस्थळासाठी आशय तयार करणे.

प्रवेशमार्ग

शालेय इयरबुकचे संपादक मंडळ

अमेरिकेतील अनेक माध्यमिक शाळांत इयरबुक हा वेळापत्रकातील ऐच्छिक विषय असतो. विद्यार्थी संपादक, विभाग-संपादक, छायाचित्रकार किंवा जाहिरात-प्रमुख अशी पदे सांभाळतात. १९२१ मध्ये सुरू झालेली नॅशनल स्कॉलॅस्टिक प्रेस असोसिएशन आणि १९२५ मध्ये स्थापन झालेली कोलंबिया स्कॉलॅस्टिक प्रेस असोसिएशन या संस्था विद्यार्थी-प्रकाशनांचे परीक्षण करून त्यांना सन्मान देतात. पहिलीचा ‘पेसमेकर’ आणि दुसरीचा ‘क्राउन’ हे सन्मान या क्षेत्रात प्रतिष्ठेचे मानले जातात.

अशा मंडळात काम केलेला विद्यार्थी शाळा सोडताना पृष्ठमांडणीची संगणकप्रणाली, छपाईच्या मुदती आणि सहकाऱ्यांकडून काम करवून घेण्याची पद्धत शिकलेला असतो. पुढे कला, पत्रकारिता किंवा जनसंज्ञापन या विषयात पदवी घेऊन तो इयरबुक कंपनीकडे वळला, तर त्याला या पुस्तकाची भाषा नव्याने शिकावी लागत नाही. नोकरीसाठी अर्ज करताना त्याचे जुने इयरबुकच त्याच्या कामाचा नमुना म्हणून उपयोगी पडते.

अध्यापन

सल्लागार शिक्षक हा विद्यार्थी आणि कंपनी यांच्यामधील दुवा असतो. विद्यार्थी दर काही वर्षांनी बदलतात, पण शिक्षक दीर्घकाळ तेच काम करतो आणि अनेक पुस्तकांचा अनुभव त्याच्याजवळ साठतो. जर्नलिझम एज्युकेशन असोसिएशन ही संघटना पत्रकारिता शिकवणाऱ्या शिक्षकांना परीक्षेद्वारे प्रमाणपत्र देते. असे अनुभवी शिक्षक कंपन्यांत कार्यशाळा-मार्गदर्शक, पाठमालांचे लेखक किंवा शाळांना सल्ला देणारे प्रतिनिधी म्हणून काम करताना दिसतात. मुदत चुकल्यावर वर्गात काय घडते, पालकांच्या तक्रारी कशा येतात आणि एखाद्या लाजऱ्या मुलाचे छायाचित्र का राहून जाते, याची त्यांना प्रत्यक्ष माहिती असते. या माहितीला सर्जनशील कामात मोल आहे, कारण नमुना-मांडणी वा पाठ कोणासाठी तयार करायचा हे त्यांना वेगळे सांगावे लागत नाही.

वृत्तपत्रव्यवसाय

प्यू रिसर्च सेंटरच्या पाहणीनुसार अमेरिकेतील वृत्तपत्रांच्या संपादकीय विभागांतील नोकऱ्या २००८ ते २०२० या काळात सुमारे ७१,००० वरून सुमारे ३१,००० पर्यंत घटल्या. त्यामुळे मांडणीकार, छायाचित्रकार आणि उपसंपादक यांना अन्य क्षेत्रे शोधावी लागली. त्यांची कौशल्ये इयरबुकच्या कामाशी मिळतीजुळती आहेत. मुदतीत पान लावणे, बोलके छायाचित्र निवडणे, थोडक्या शब्दांत अचूक ओळ लिहिणे हे दोन्हीकडे लागते. फरक असा की वृत्तपत्रातील चूक दुसऱ्या दिवशीच्या अंकात दुरुस्त करता येते. इयरबुकला दुसरा अंक नसतो.

कंपनीतील अन्य विभाग

ग्राहकसेवा, प्रूफ-तपासणी किंवा छपाईपूर्व विभागातून सर्जनशील पदाकडे जाणे हा आणखी एक मार्ग आहे. ग्राहकसेवेतील कर्मचारी अनेक शाळांशी वर्षभर संपर्कात असतो आणि विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या अडचणी त्याला पाठ असतात. छपाईपूर्व विभागातील कर्मचाऱ्याला कोणता रंग कागदावर मळका उमटतो, बारीक अक्षरे गडद पार्श्वभूमीवर कशी बुजतात, बांधणीत पानाचा किती भाग दडतो याचे ज्ञान असते. हे ज्ञान विद्यालयीन शिक्षणातून क्वचितच मिळते. मात्र हा मार्ग आपोआप खुला होत नाही. स्वतःच्या कामाचे नमुने जमवणे, आवश्यक प्रणाली शिकणे आणि वरिष्ठांच्या नजरेस येईल असे एखादे काम मिळणे या तिन्ही गोष्टी जुळून याव्या लागतात.

कलाशिक्षण

मुखपृष्ठ-चित्रकार आणि ग्राफिक डिझायनर या पदांसाठी औपचारिक शिक्षणाचे महत्त्व अधिक आहे. अमेरिकेच्या श्रम सांख्यिकी विभागाच्या माहितीनुसार ग्राफिक डिझायनरच्या पदासाठी सामान्यतः पदवी अपेक्षित असते, तर कला-दिग्दर्शकाच्या पदासाठी पदवीबरोबर अनेक वर्षांचा अनुभवही लागतो. निवडीच्या वेळी उमेदवाराच्या कामाचा नमुनासंग्रह निर्णायक ठरतो.

बढती

सर्वसाधारण पदक्रम निर्मिती-कलाकार, डिझायनर, वरिष्ठ डिझायनर, कला-दिग्दर्शक आणि सर्जनशील विभागप्रमुख असा असतो. पदांची नावे कंपनीनुसार बदलतात. वरच्या पदांवर प्रत्यक्ष चित्रकामाचे प्रमाण घटते आणि वेळापत्रक, खर्च व सहकाऱ्यांच्या कामाचे परीक्षण यांचे प्रमाण वाढते. वरची पदे संख्येने थोडी असल्यामुळे अनेकांची वाटचाल सरळ वर न जाता आडवी जाते. चित्रकाराने प्रशिक्षण विभागात, लेखकाने प्रसिद्धी विभागात किंवा डिझायनरने संगणकप्रणालीच्या रचनेत जाणे ही त्याची उदाहरणे होत.

तंत्रज्ञानाचा परिणाम

१९८० च्या दशकापर्यंत पाने कागदावर आखली जात. मजकुराच्या पट्ट्या व छायाचित्रांच्या जागा हाताने चिकटवून छपाईसाठी पान तयार केले जाई. १९८५ मध्ये पेजमेकर, १९८७ मध्ये क्वार्कएक्सप्रेस आणि १९९९ मध्ये इनडिझाइन या प्रणाली बाजारात आल्या. पुढे कंपन्यांनी शाळांना महाजालावरूनच पाने तयार करता येतील अशा स्वतःच्या प्रणाली उपलब्ध करून दिल्या.

या बदलात अक्षरजुळणी, चिकटकाम आणि फिल्मजोडणी ही हातकौशल्याची कामे जवळजवळ नाहीशी झाली. त्यांच्या जागी नमुना-मांडणी, प्रणालीची रचना आणि वापरकर्त्यांचे प्रशिक्षण ही कामे आली. पूर्वी कंपनीतील कलाकार एका शाळेचे पान हाताने सजवत असे. आता त्याने एकदा आखलेला नमुना अनेक शाळांत वापरला जातो. शाळांना त्यामुळे सोय झाली, परंतु पुस्तके एकसारखी दिसण्याचा धोकाही वाढला. म्हणूनच नमुना जसाच्या तसा न वापरता तो आपल्या शाळेनुसार बदलण्यास विद्यार्थ्यांना शिकवणे हा प्रशिक्षण-विभागाच्या कामाचा महत्त्वाचा भाग झाला आहे.

हंगाम आणि मुदती

हा व्यवसाय शैक्षणिक वर्षाशी बांधलेला आहे. शाळा संपण्यापूर्वी पुस्तक हाती हवे असल्यास पाने हिवाळ्यात व वसंताच्या आरंभी छापखान्यात पोहोचावी लागतात. पाने साधारणतः सोळा पानांच्या फर्म्यांत छापली जातात. त्यामुळे फर्म्यातील एक पान अपुरे राहिले तरी सबंध फर्मा थांबतो. छपाईच्या हंगामात कामाचे तास वाढतात व तात्पुरते कर्मचारी घेतले जातात. उन्हाळ्यात कार्यशाळा आणि पुढील वर्षाच्या नमुन्यांचे काम चालते. हंगामी नोकरीतून कायम पद मिळणे शक्य असले, तरी त्याची हमी नसते.

मार्च २०२० मध्ये कोविड-१९ च्या साथीमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा वसंत ऋतूतील स्पर्धा, नाटके व पदवीदान समारंभ रद्द झाले किंवा पुढे ढकलले गेले. अनेक पुस्तकांतील ठरलेली पाने रिकामी पडली. ती घरून मागवलेल्या छायाचित्रांनी व विद्यार्थ्यांच्या लेखनाने भरावी लागली.

मर्यादा

या क्षेत्रातील सर्जनशील काम बहुतांशी निनावी असते. मुखपृष्ठाचे श्रेय विद्यार्थी-मंडळाला मिळते आणि नमुना-मांडणीच्या कर्त्याचे नाव वापरणाऱ्याला माहीत नसते. कंपन्यांच्या मालकीतील बदलांचाही नोकऱ्यांच्या स्थैर्याशी संबंध येतो. जॉस्टेन्सची पालक कंपनी २०१५ मध्ये जार्डनने घेतली, २०१६ मध्ये जार्डन न्यूएल कंपनीत विलीन झाली आणि २०१८ मध्ये जॉस्टेन्स प्लॅटिनम इक्विटीकडे गेली. त्याच वर्षी शालेय छायाचित्रणातील लाइफटच ही कंपनी शटरफ्लायने विकत घेतली. समाजमाध्यमांमुळे छायाचित्रे जपण्याची अन्य साधने उपलब्ध झाल्याने छापील इयरबुकच्या गरजेविषयीही चर्चा होत असते.

तरीही छापील पुस्तकाचे एक वैशिष्ट्य कायम आहे. विद्यार्थ्याचे नाव त्यात जसे छापले जाते, तसेच ते कुटुंबाच्या कपाटात अनेक दशके राहते. एखादे नाव चुकले किंवा छायाचित्र सुटले, तर ती चूकही तितकाच काळ टिकते. त्यामुळे या नोकऱ्यांत अचूकतेला कल्पकतेइतकेच स्थान आहे, आणि शाळा, वृत्तपत्र किंवा छापखाना यांपैकी कोठेतरी ती अंगवळणी पडलेल्या उमेदवाराचा अनुभव येथे जमेस धरला जातो.

हेही पहा

ग्राफिक डिझाइन
ऑफसेट मुद्रण
पुस्तक बांधणी
शालेय पत्रकारिता