लग्नसराईचे स्टुडिओ आणि रेड झीरोचा वेग

बेळगाव, खानापूर, चिकोडी आणि निपाणी या सीमाभागातील छायाचित्रण व व्हिडिओ-संकलनाचा व्यवसाय मुख्यतः लग्नसराईवर चालतो आणि तुळशीच्या लग्नानंतर सुरू होणारा हा हंगाम पावसाच्या तोंडापर्यंत टिकत असल्याने त्या काळात स्टुडिओतील संगणकांना उसंत नसते. सीमांतपूजनापासून वरातीपर्यंतचे चित्रण तीन कॅमेऱ्यांनी केले, प्रत्येक कॅमेरा सहा तास चालला आणि फोर-के चित्रणासाठी रूढ असलेला सेकंदाला १०० मेगाबिट हा दर धरला, तर एकाच लग्नाचे सुमारे ८१० गिगाबाइट चित्रण जमा होते. एवढा पसारा हाताळताना संगणक अडखळू लागला, की एका एसएसडीवरील सारा कारभार दोन एसएसडींच्या ‘रेड झीरो’ रचनेवर हलवण्याचा सल्ला हमखास दिला जातो. हा सल्ला सरसकट मानण्याजोगा नाही.

एसएसडी म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी फ्लॅश प्रकारच्या चिपांमध्ये माहिती साठवणारे उपकरण, तर रेड म्हणजे अनेक साठवण-उपकरणे एकत्र जोडून संगणकाला ती एकच असल्याचे भासवण्याची पद्धत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ साली ही कल्पना एका निबंधात मांडली, तेव्हा एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी पुष्कळ स्वस्त डिस्का वापरता याव्यात, हा त्यांचा हेतू होता; परंतु डिस्का वाढल्या की बिघाडही वाढणार हे ओळखून त्यांनी सुचवलेल्या पाचही प्रकारांत नुकसान भरून काढणारी जादा माहिती साठवण्याची तजवीज होती. अशी कोणतीही तजवीज नसलेली रेड झीरो रचना त्या पाचांत नव्हती. तिला शून्य क्रमांक पुढे मिळाला.

या रचनेत प्रत्येक फाइलचे ठरावीक आकाराचे तुकडे पाडून ते आळीपाळीने दोन्ही ड्राइव्हवर लिहिले जातात. तुकडा १२८ किलोबाइटचा असेल, तर एक मेगाबाइटच्या फाइलचे आठ तुकडे होऊन प्रत्येक ड्राइव्हच्या वाट्याला चार येतात आणि दोन्ही ड्राइव्ह एकाच वेळी कामाला लागल्याने सलग मोठी फाइल जवळजवळ दुप्पट वेगाने वाचता येते. मात्र एखाद्या ग्रंथाची विषम पाने एका कपाटात आणि सम पाने दुसऱ्या कपाटात ठेवल्यावर एक कपाट जळाले, तर उरलेल्या पानांचा जसा उपयोग नाही, तसा एक ड्राइव्ह बंद पडताच दुसऱ्यावरील तुकडेही निरर्थक ठरतात. एका ड्राइव्हच्या बिघाडाची वार्षिक शक्यता उदाहरणादाखल २ टक्के धरली, तर दोघांच्या जोडीत सर्व काही गमावण्याची शक्यता ३.९६ टक्के होते.

एवढा धोका पत्करून मिळणारा वेग लग्नाच्या संकलनात उपयोगी पडतो का, हे साध्या हिशेबाने तपासता येते. सेकंदाला १०० मेगाबिट म्हणजे १२.५ मेगाबाइट, तीन कॅमेऱ्यांचे चित्रण एकाच वेळी पडद्यावर चालवले, तरी सेकंदाला ३७.५ मेगाबाइट पुरतात, आणि साटा जोडणीची साधी एसएसडीदेखील सेकंदाला सुमारे ५५० मेगाबाइट देऊ शकते. अडखळण्याचे कारण बहुधा साठवणीत नसून, कॅमेऱ्याने घट्ट दाबून साठवलेले चित्रण उलगडणाऱ्या प्रोसेसरवर किंवा ग्राफिक्स कार्डवर पडणाऱ्या भारात असते आणि त्यावर उपाय म्हणजे प्रॉक्सी, अर्थात संकलनापुरत्या तयार केलेल्या हलक्या प्रती. विंडोज सुरू होणे किंवा हजारो लहान फाइली उघडणे यांत प्रत्येक फाइल शोधण्याचा वेळ महत्त्वाचा असल्याने तिथेही जोडीचा फायदा नगण्यच. शिवाय अनेक मदरबोर्डांवर दोन्ही एनव्हीएमई, म्हणजे साटापेक्षा वेगवान जोडणीचे, ड्राइव्ह चिपसेटमार्फत एकाच सामाईक मार्गाने प्रोसेसरपर्यंत पोहोचतात आणि तो मार्ग अरुंद असला, की दुप्पट वेग कागदावरच राहतो. कमी दाबलेले, अनेक थरांचे चित्रण हाताळणाऱ्या स्टुडिओंना मात्र या रचनेचा खरा उपयोग होतो.

प्रत्यक्ष स्थलांतरही वाटते तितके सोपे नाही. रचना तयार करताना दोन्ही ड्राइव्ह पुसले जात असल्याने जुन्या ड्राइव्हची संपूर्ण प्रतिमा आधी बाहेरच्या डिस्कवर घ्यावी लागते. बायॉस म्हणजे संगणकाच्या प्रारंभिक व्यवस्थेत रेडचा पर्याय निवडावा लागतो आणि त्याचा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीच नसेल, तर संगणक निळ्या पडद्यापाशी अडतो. बिटलॉकर, म्हणजे ड्राइव्हवरील माहिती कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, चालू असेल, तर त्याची रिकव्हरी की आधी टिपून ठेवावी लागते. प्रतिमेऐवजी विंडोज नव्याने टाकायचे ठरले, तर सीमाभागात आणखी एक अडचण उभी राहते. इथल्या अनेक डीटीपी केंद्रांत लग्नपत्रिका मराठीत आणि कन्नडमध्येही जुळवली जाते. तेव्हा मराठीसाठी श्री-लिपी आणि कन्नडसाठी नुडी यांसारखी सॉफ्टवेअरे, त्यांचे फॉण्ट, कळफलकाच्या मांडण्या आणि परवाने आधी जपून ठेवले नाहीत, तर जुन्या, युनिकोडपूर्व फॉण्टमधील पत्रिका उघडल्यावर नुसती चिन्हांची गर्दी दिसते. एप्रिल-मेमध्ये वळीव कोसळला आणि मध्येच वीज गेली, तर त्या क्षणी चाललेले लेखन अर्धवट राहून फाइल-व्यवस्था बिघडू शकते, म्हणून यूपीएस लागतोच.

या साऱ्याचा विचार करता विंडोज व सॉफ्टवेअर एका एसएसडीवर जसेच्या तसे राहू द्यावे आणि गरजच असेल, तर रेड झीरो केवळ चालू कामाच्या चित्रणासाठी वेगळी उभारावी, हेच व्यवहार्य दिसते. त्या चित्रणाची एक प्रत साध्या हार्ड डिस्कवर आणि आणखी एक स्टुडिओबाहेर, शक्य तर दुसऱ्या गावी असावी. या दोन्ही प्रती उघडून तपासल्याखेरीज कॅमेऱ्याचे कार्ड फॉरमॅट करू नये.