सेव्हेरियन खरं सांगतो का?

जीन वुल्फ या अमेरिकन लेखकाची ‘द बुक ऑफ द न्यू सन’ ही चार खंडांची कादंबरी १९८० ते १९८३ या काळात प्रसिद्ध झाली. तिच्या पहिल्या खंडाला वर्ल्ड फँटसी पुरस्कार मिळाला, दुसऱ्याला नेब्युला, तर चौथ्याला जॉन डब्ल्यू. कॅम्पबेल स्मृती पुरस्कार. ‘लोकस’ या मासिकाने १९९८ साली आपल्या वर्गणीदारांचा कौल घेतला, तेव्हा १९९० पूर्वीच्या फँटसी कादंबऱ्यांमध्ये तिला तिसरं स्थान मिळालं. पहिल्या दोन जागा टोलकीनच्या होत्या. अर्सुला ले ग्विनसारख्या लेखिकेने वुल्फची तुलना थेट मेलव्हिलशी केली. एवढं सगळं असूनही, ‘सुरू केलं पण पुरं झालं नाही’ असं ज्या पुस्तकांबद्दल विज्ञानकथांचे मुरलेले वाचकसुद्धा कबूल करतात, त्यांत या पुस्तकाचं नाव हमखास निघतं. एक वाचक म्हणतो, यात काही घडतच नाही. दुसरा म्हणतो, माझ्या आयुष्यातलं हे सर्वांत मोठं पुस्तक. दोघांनी तीच पानं वाचलेली असतात. एकच मजकूर इतक्या टोकाच्या प्रतिक्रिया कशा उमटवतो, हे समजून घेण्यासारखं आहे.

कथेचा काळ आपल्यापासून इतका दूर आहे की सूर्य लालसर, मंद झाला आहे आणि दिवसाही आकाशात तारे दिसतात. पृथ्वीचं नाव आता ‘उर्थ’ आहे. नेसस नावाच्या अवाढव्य, अर्ध्याहून अधिक ओसाड पडलेल्या शहरात यातना देणाऱ्यांचा एक संघ आहे, आणि सेव्हेरियन हा त्या संघात वाढलेला अनाथ उमेदवार. कैदेतल्या थेक्ला नावाच्या सरदारघराण्यातल्या स्त्रीवर त्याचा जीव जडतो. तिच्या यातना सुरू झाल्यावर तो तिला गुपचूप सुरी पुरवतो, म्हणजे तिला मरणाची मुभा देतो. या दयेच्या गुन्ह्यासाठी त्याला दूरच्या गावी जल्लाद म्हणून धाडलं जातं. तिथून पुढचा प्रवास म्हणजे चार खंड. तो शेवटी सिंहासनावर पोचणार, हे त्याने पहिल्याच प्रकरणात सांगून टाकलेलं असतं. त्यामुळे ‘पुढे काय होणार’ या उत्सुकतेवर हे पुस्तक चालत नाही, आणि त्याच उत्सुकतेने आलेला वाचक पहिल्या शंभर पानांत अस्वस्थ होतो.

पहिली तक्रार शब्दांची असते. पानोपानी असे शब्द येतात जे धड ओळखीचे नाहीत आणि धड परकेही नाहीत. वाचकांना वाटतं, लेखकाने मनाने काहीतरी बनवलंय. तसं नाही. वुल्फने ग्रीक, लॅटिन, मध्ययुगीन फ्रेंच, लष्करी आणि चर्चच्या जुन्या शब्दभांडारातून वापरातून गेलेले शब्द खणून काढले. पुस्तकाच्या शेवटी जोडलेल्या परिशिष्टात तो स्वतः अनुवादकाची भूमिका घेतो: हे हस्तलिखित अजून जन्माला न आलेल्या भाषेत आहे, आणि त्या भाषेतल्या वस्तूंसाठी मला आपल्याकडचे जवळात जवळचे जुने शब्द वापरावे लागले, असा त्याचा दावा. मायकेल आंद्रे-ड्रिउसी यांनी १९९४ साली ‘लेक्सिकॉन उर्थस’ हा या एका कादंबरीमालेचा कोशच प्रसिद्ध केला. माझं मत असं की पहिल्या वाचनात या कोशाची अजिबात गरज नसते. घोड्यासारख्या प्राण्यावर कोणी बसून येतो, तेव्हा त्या प्राण्याचं नाव कळलं नाही तरी तो काय करतो हे वाक्यच सांगतं. शब्दांवर अडून पुस्तक मिटणारे वाचक दाराशीच थांबतात. खरी अवघड जागा पुढे आहे.

ती अवघड जागा म्हणजे स्वतः सेव्हेरियन. तो सुरुवातीलाच सांगतो की आपल्याला काहीही विसरता येत नाही. वाचक निर्धास्त होतो, कारण ज्याची स्मृती निर्दोष तो साक्षीदार खरा, असं आपण गृहीत धरतो. पण आठवणं वेगळं आणि सांगणं वेगळं. एखादी गोष्ट तो योग्य वेळी सांगत नाही आणि शे-दोनशे पानांनंतर सहज बोलता बोलता टाकून जातो. स्वतःच्या वागण्याला तो जी कारणं देतो ती त्याच्या कृतींशी जुळत नाहीत. आपण कदाचित काहीसे वेडे असू, असंही तो मध्येच म्हणून जातो. काही वाचकांना हा विश्वासघात वाटतो. काहींना नेमकी इथूनच गोडी लागते आणि ते पेन्सिल घेऊन बसतात.

याहून खोल एक प्रकार दुसऱ्या खंडात आहे. ‘अल्झाबो’ हा उर्थवरचा एक हिंस्र प्राणी. तो ज्याला खातो त्याच्या आठवणी आणि त्याचा आवाजही त्याच्यात उतरतो. या प्राण्यापासून काढलेल्या अर्कासोबत मृताचं मांस खाण्याचा एक गुप्त विधी असतो. त्या विधीत सेव्हेरियन सामील होतो, आणि ते मांस थेक्लाचं असतं. त्या रात्रीपासून थेक्लाच्या आठवणी त्याच्यात राहायला येतात. आता ध्यानात घ्या, ही सगळी कहाणी तो राजा झाल्यानंतर लिहितो आहे. म्हणजे पहिल्या खंडाचं पहिलं पान लिहितानाही त्याच्यात थेक्ला होतीच. मग तिथला ‘मी’ नेमका कोण? थेक्लाच्या कोठडीतले प्रसंग कोणाच्या आठवणीतून आले? पहिल्या वाचनात हा प्रश्न पडूच शकत नाही, कारण विधी अजून घडलेला नसतो. या एका प्रसंगाने मागची अख्खी चारशे पानं पुन्हा उघडतात, आणि हे कथनतंत्र मला विसाव्या शतकातल्या कोणत्याही मोठ्या कादंबरीच्या तोडीचं वाटतं.

वुल्फ वाचकाला काय देतो आणि काय राखून ठेवतो याची दोन सोपी उदाहरणं सांगतो, कारण त्यांनी कथेचा रसभंग होत नाही. सेव्हेरियनचा संघ ज्या मनोऱ्यात राहतो त्याच्या भिंती धातूच्या आहेत, आणि जिथे कैद्यांना यातना दिल्या जातात ते दालन मूळ इमारतीत कशासाठी होतं याचा उल्लेख तो जाता जाता करतो. तो उल्लेख नीट वाचला की कळतं, मनोरा म्हणजे युगानुयुगं जमिनीवर उभं राहिलेलं अंतराळयान आहे. दुसरं उदाहरण म्हणजे एक म्हातारा चित्रदुरुस्तीकार जुनं चित्र पुसत बसलेला असतो. चित्रात वैराण प्रदेशात उभी असलेली एक चिलखतधारी आकृती आहे. शस्त्र नाही, हातातला झेंडा ताठ आहे, आणि चेहऱ्यावरच्या सोनेरी झडपेत फक्त वाळवंटाचं प्रतिबिंब. सेव्हेरियनला तो कुणी योद्धा वाटतो. आपल्याला मात्र ते चंद्रावरच्या अंतराळवीराचं चित्र आहे हे कळतं, आणि त्या क्षणी आपल्यातलं आणि त्याच्यातलं लक्षावधी वर्षांचं अंतर अंगावर येतं. लेखक एका शब्दानेही मदत करत नाही.

नात्यांचा गुंता याहून अवघड. वनस्पती-उद्यानातल्या तळ्यात मृतदेह बुडवून ठेवण्याची प्रथा आहे. तिथे एक म्हातारा वर्षानुवर्षं आपल्या पत्नीचा देह शोधत नाव वल्हवतो. त्याच तळ्यातून डॉर्कस नावाची तरुणी वर येते, स्वतःबद्दल काही न आठवणारी. चौथ्या खंडात एका खाणावळीतल्या वाढप्याचा चेहरा सेव्हेरियन नीट पाहतो. हे तीन धागे जोडले की जे हाती लागतं ते मी इथे लिहिणार नाही. तो आनंद वाचकाचा आहे. सेव्हेरियनची आई कोण, त्याला बहीण होती का आणि असली तर कोणती, यावर अभ्यासक आजही एकमताचे नाहीत. रॉबर्ट बोर्स्की यांचं ‘सोलर लॅबिरिंथ’, पीटर राइट यांचं ‘अटेंडिंग डेडॅलस’ ही पुस्तकं यातूनच उभी राहिली, आणि दोघांची उत्तरं जुळत नाहीत.

या कोड्यांचा माणूस पेशाने अभियंता होता, हे कळल्यावर मला नवल वाटलं नाही. १९३१ साली ब्रुकलिनमध्ये जन्मलेला वुल्फ टेक्ससमध्ये वाढला, कोरियन युद्धात लढला, ह्यूस्टन विद्यापीठातून अभियांत्रिकी शिकला. प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीत असताना प्रिंगल्स चिप्स बनवणाऱ्या यंत्राच्या रचनेत त्याचा हात होता. पुढे तो ‘प्लांट इंजिनिअरिंग’ या तांत्रिक मासिकाचा संपादक झाला, आणि ही कादंबरी त्याने ती नोकरी सांभाळून लिहिली. पहिला खंड बाजारात येण्यापूर्वी चारही खंडांचा मसुदा तयार होता. म्हणूनच पहिल्या खंडात दडवलेली गोष्ट चौथ्यात बरोबर जागेवर सापडते. युद्धाचा अनुभवही वाया गेलेला नाही. चौथ्या खंडात लष्करी रुग्णालयात शत्रुपक्षाचा एक कैदी गोष्ट सांगतो. त्याच्या देशात सरकारमान्य वाक्यांखेरीज काहीही बोलायला बंदी आहे, तरी त्या ठरावीक वाक्यांतूनच तो अन्यायाविरुद्ध झगडणाऱ्या माणसाची कथा सांगून दाखवतो. पुस्तक आवडलेला आणि न आवडलेला, दोन्ही वाचक ज्या मोजक्या पानांचं कौतुक करतात, त्यांत ही पानं येतात.

एक आक्षेप मात्र मी बाजूला सारणार नाही. स्त्रियांकडे पाहण्याची सेव्हेरियनची नजर अनेक वाचकांना, विशेषतः वाचक स्त्रियांना, खटकते. बाजू घेणारे म्हणतात की हा दोष निवेदकाचा आहे, लेखकाचा नव्हे. बायकांशिवाय, यातनागृहात वाढलेला मुलगा दुसरं काय पाहणार? अ‍ॅजिया या धूर्त, सूडाने पेटलेल्या पात्रापुरतं मला हे पटतं. जोलेंटा या नटीला मिळालेली वागणूक, आणि तिच्याशी सेव्हेरियनने केलेल्या वर्तनाकडे कथनाने फिरवलेली पाठ, यांचं समर्थन त्या उत्तराने होत नाही. पुस्तक थोर आहे म्हणून हा आक्षेप लहान होत नाही.

१९८७ साली ‘द उर्थ ऑफ द न्यू सन’ हा पाचवा भाग आला. चौथ्या खंडाचा शेवट नवा सूर्य आणण्याच्या उंबरठ्यावर होतो, आणि वाचकाला पुढचं कळायला हवं असा संपादक डेव्हिड हार्टवेल यांचा आग्रह होता. वाचकांत यावरूनही फूट आहे. काहींना या भागाने सुटकेचा श्वास दिला, तर काहींच्या मते त्याने जरुरीपेक्षा जास्त सांगून टाकलं. मी दुसऱ्या बाजूला आहे.

चांगलं साहित्य ते, जे सुजाण वाचकाला वाचताना आनंद देतं आणि पुन्हा वाचताना अधिक आनंद देतं, अशा आशयाची व्याख्या वुल्फने केली होती. या कसोटीवर त्याचं स्वतःचं पुस्तक पुरेपूर उतरतं. पण ज्याला एकदाच वाचायचं आहे त्याच्यावर ते अन्याय करतं, हेही तितकंच खरं. अर्ध्यावर सोडणारा वाचक मंद नसतो. त्याने पुस्तकाशी जो करार गृहीत धरला, तो या पुस्तकाने कधी केलाच नव्हता. आपल्याकडे जी. ए. कुलकर्णींच्या ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ या दीर्घकथा ज्यांनी एकदा न कळता आणि पुन्हा वाचून आपल्याशा केल्या, त्या मराठी वाचकांना हा करार नवा वाटणार नाही.

चार खंड आता ‘शॅडो अँड क्लॉ’ आणि ‘सोर्ड अँड सिटाडेल’ अशा दोन जोडपुस्तकांत मिळतात. सुरुवात पहिल्यापासूनच करा, कोश जवळ घेऊ नका, न कळलेला परिच्छेद तसाच मागे टाका आणि निदान दुसऱ्या खंडातल्या त्या मेजवानीच्या रात्रीपर्यंत पोचा. तिथे मन लागलं नाही तर पुस्तक खुशाल मिटा. लागलं, तर चौथा खंड संपल्यावर पाचव्याला हात लावण्याआधी पहिल्या खंडाचं पहिलं प्रकरण पुन्हा वाचा.