‘आठवण येते’चे इंग्रजी

कुडाळ आणि आसपासच्या गावांतील प्राथमिक शाळांत इंग्रजी शब्दार्थांची वही ही आता पाटी-पेन्सिलीइतकीच रुळलेली वस्तू झाली आहे. पूर्वी मराठी माध्यमाच्या मुलाची इंग्रजीशी गाठ पाचवीत पडत असे. २००० सालापासून ती पहिलीतच पडू लागली. त्यामुळे शब्द पुष्कळ आणि लवकर येतात, ही गोष्ट चांगलीच आहे. परंतु ते ज्या रीतीने येतात ती रीत मात्र जुनीच राहिली आहे. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ आणि मधे एक आडवी रेघ. ‘लाइक’ म्हणजे आवडणे, ‘लव्ह’ म्हणजे आवडणे, ‘एन्जॉय’ म्हणजेही आवडणेच. मग परीक्षेत समानार्थी शब्द विचारला की मूल या तिघांपैकी कोणताही लिहून मोकळे होते, आणि त्याला गुणही मिळतात.

टेबल, खिडकी, आंबा यांच्याबाबतीत या रेघेने फारसे बिघडत नाही. मनाच्या व्यापारांची क्रियापदे आली की बिघडते. कोकणातल्या घरांना चाकरमान्यांची सवय आहे; पिढ्यान् पिढ्या कर्ता पुरुष मुंबईला आणि मुले गावी, अशी येथील कुटुंबांची घडी राहिली. अशा घरातील एखाद्या मुलाने मुंबईच्या वडिलांना चार ओळी इंग्रजीतून लिहायचे ठरवले आणि वहीत ‘रिमेंबर’पुढे ‘आठवण येणे’ असे लिहिलेले असले, तर तो तोच शब्द वापरणार. इंग्रजी वाचणाऱ्याला त्यातून एवढेच कळेल की मुलगा बापाला विसरलेला नाही. बाप जवळ नसल्याची जी हुरहुर ‘तुमची आठवण येता’ या तीन मालवणी शब्दांत आहे, तिला इंग्रजीत ‘मिस’ हे वेगळे क्रियापद आहे; आणि त्याचा अर्थ वहीत बहुधा ‘चुकणे’ असा असतो, कारण गाडी चुकते तेथे ते प्रथम भेटलेले असते. शब्द पाठ, स्पेलिंग बिनचूक, आणि जे सांगायचे होते ते मात्र राहून गेले!

याचे मूळ मुलाच्या आळसात नाही, दोन भाषांच्या स्वभावात आहे. मराठीत भावना माणसाकडे येते. मला राग येतो, भीती वाटते, कंटाळा येतो. मालवणीत ‘माका राग इलो’. येथे राग हा कर्ता आहे आणि माणूस चतुर्थीत बसला आहे. ही रचना जुन्या वळणाची आहे. रुचणे या अर्थाच्या संस्कृत धातूंबरोबर ज्याला रुचते त्याला संप्रदान मानून पाणिनीने चतुर्थीचीच व्यवस्था लावली. इंग्रजीत मात्र ‘मी’ पुढे सरसावतो आणि भावना ही त्याची कृती होते. गंमत अशी की इंग्रजीही सदैव अशी नव्हती. ‘लाइक’ हे क्रियापद शेक्सपिअरच्या काळापर्यंत ‘रुचणे’ या अर्थानेही चाले, वस्तू कर्ता आणि माणूस ‘मला’च्या जागी. त्याच्या नाटकांत वारंवार येणारे ‘मीथिंक्स’ तर शब्दशः ‘मला वाटते’ असेच आहे. त्यातील धातू आजच्या ‘थिंक’चा नव्हे, भासणे या अर्थाच्या निराळ्या जुन्या धातूचा आहे. कुडाळच्या मुलाची चूक म्हणून जिच्यावर लाल शाई चालते, ती वाक्यरचना इंग्लंडात काही शतके बरोबर होती.

१९३० साली ऑग्डेन या इंग्रज पंडिताने परक्यांसाठी ८५० शब्दांची ‘बेसिक इंग्लिश’ तयार केली, तीत क्रियापदे अवघी अठरा ठेवली आणि भावनेचे त्यांत एकही घेतले नाही. प्रेम, भय, द्वेष, आशा ही सारी नामे. ती ‘असतात’ किंवा ‘येतात’. नवशिक्याला भावनेच्या क्रियापदांचे ओझे प्रथमच देऊ नये, हे त्याने ओळखले होते. त्याची सगळी योजना स्वीकारण्याचे कारण नाही; ती कृत्रिम होती आणि फारशी रुजलीही नाही. पण हा एक विचार मराठी मुलाला किती सोयीचा आहे!

समानार्थी शब्दांचा अभ्यासच निरर्थक, असा याचा अर्थ कोणी काढू नये. आपल्याकडे अमरकोश मुखोद्गत करण्याची परंपरा मोठी आहे. मात्र तो कोश नामांचा आहे; सूर्याला अनेक नावे असली तरी सूर्य एकच राहतो. मनाच्या क्रियांचे तसे नाही, आणि वैयाकरणांना ते ठाऊक होते. राग, द्रोह, ईर्ष्या व असूया यांचे धातू पाणिनीने एका नियमात गोवले, पण वृत्तिकारांनी लगेच त्यांचे अर्थ वेगळे करून दिले: दुसऱ्याचे सहन न होणे ती ईर्ष्या, दुसऱ्याच्या गुणांतही दोष काढणे ती असूया. एकत्र मांडायचे आणि तेथेच निराळे करायचे, हीच खरी रीत. आजची वही पहिले अर्धे काम करून थांबते. शिक्षकांची बाजूही यात आहे. अनेकदा एकाच शिक्षकाला एकाहून अधिक इयत्ता सांभाळाव्या लागतात, आणि रेघ मारून दिलेला अर्थ तपासायला सोपा असतो.

वास्तविक या मुलखातील मुलांना अशा छटा शिकवण्याची जागा शाळेबाहेर केव्हाच तयार आहे. कार्तिकानंतर जत्रांचा हंगाम सुरू झाला की देवळापुढे रात्रभर दशावतार चालतो. त्याला लिहिलेली संहिता नसते. नट आख्यान ठरवून घेतात आणि संवाद तेथल्या तेथे, चांगल्या भारदस्त मराठीत रचतात. घरी मालवणी बोलणारे मूल आईच्या मांडीवर पेंगत क्रोध, संताप, त्वेष, चीड हे शब्द ऐकते आणि राक्षस कोणत्या वेळी काय म्हणाला यावरून त्यांतले अंतर ओळखू लागते. त्याला कोणी अर्थ सांगितलेला नसतो. त्याने प्रसंग पाहिलेला असतो.

इंग्रजीच्या तासालाही एवढे करता येईल. ‘होप’, ‘विश’ आणि ‘एक्स्पेक्ट’ या तिघांपुढे ‘इच्छा’ किंवा ‘अपेक्षा’ लिहून पुढे जाण्याऐवजी तीन प्रसंग ठेवावेत. उद्या बाबा येतील अशी आशा आहे, तेथे पहिला. बाबा आज येथे असते तर, तेथे दुसरा. बाबांची गाडी कुडाळ स्थानकावर सकाळी यायची आहे, तेथे तिसरा. हाच मुलगा दहा-बारा वर्षांनी नोकरीचा अर्ज लिहील. त्याच्या शेवटी ‘मी आपल्या उत्तराची एक्स्पेक्ट करतो’ या अर्थाचे वाक्य त्याने घातले, तर नम्रपणे केलेली विनंती वाचणाऱ्याला हुकूम वाटेल. त्या जागी ‘होप’ हवा होता, हे त्याला त्या वेळी कोणी सांगणार नाही; अर्ज बाजूला पडेल, इतकेच.