ज्या सेलला भाव नाही

नंदुरबार जिल्ह्यातल्या घरांत संपणाऱ्या बॅटऱ्यांचे दोन सरळ गट पडतात. भंगारात विकल्या जाणाऱ्या बॅटऱ्या एकीकडे आणि न विकल्या जाणाऱ्या दुसरीकडे. मोटारसायकल, ट्रॅक्टर, इन्व्हर्टर किंवा फवारणी पंपाची शिशाची बॅटरी मेली तरी तिला किंमत असते. नवी घेताना दुकानदार जुनी ठेवून घेतो आणि तेवढे पैसे कमी करतो. टॉर्च, घड्याळ आणि रिमोटमधल्या सेलला मात्र कोणी विचारत नाही. भंगारवाला तो हातात घेऊन परत देतो. मग तो उकिरड्यावर, चुलीत, विहिरीच्या काठी किंवा मुलांच्या खेळण्यात जाऊन पडतो. बॅटरीच्या कचऱ्याची सारी वाटचाल या भावाने ठरते, हे आधी ध्यानात घेतलेले बरे.

या जिल्ह्यात सेलचा वापर मोठा असण्यामागे भूगोल आहे. धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन 1 जुलै 1998 रोजी नंदुरबार जिल्हा झाला. त्याच्या सहा तालुक्यांपैकी अक्राणी आणि अक्कलकुवा यांचा मोठा भाग सातपुड्याच्या डोंगरात आहे. तिथले पाडे एकमेकांपासून दूर, टेकड्यांवर विखुरलेले असतात, त्यामुळे विजेची तार तिथे उशिरा पोहोचली. अक्राणी तालुक्यात धडगावजवळच्या बिलगावात लोकांच्या श्रमदानातून 2003 मध्ये छोटा जलविद्युत प्रकल्प उभा राहिला होता. 2006 च्या पावसाळ्यात सरदार सरोवर धरणाच्या फुगवट्यात तो बुडाला. अशा भागात टॉर्च आणि सौर कंदील ही गरजेची वस्तू असते. तापीकाठच्या सपाटीवर, शहादा आणि तळोदा तालुक्यांत, वीज आहे, पण शेतीला ती अनेकदा रात्रीच्या पाळीत मिळते. केळी, पपई किंवा उसाला पाणी द्यायला रात्री बांधावर जायचे, तर विंचूकाट्याच्या भीतीने हातात उजेड लागतोच. शिवाय पाठीवरच्या बॅटरी पंपात साधारणपणे 12 व्होल्टची शिशाची बॅटरी असते, आणि काही हंगामांनंतर ती बदलावी लागते.

टॉर्चचा साधा सेल उघडला तर बाहेर जस्ताचे डबडे, आत मँगनीज डायऑक्साइडची काळी ओलसर भुकटी आणि मधोमध कार्बनची कांडी दिसते. सेल वापरात असताना जस्त हळूहळू झिजते आणि त्यातूनच वीज मिळते. म्हणूनच जुन्या सेलचे डबडे पातळ होते, त्याला भोके पडतात आणि आतला क्षार बाहेर येतो. संपलेले सेल उन्हात ठेवले की थोडा वेळ पुन्हा चालतात, हा अनुभव पुष्कळांना असतो. उष्णतेने आतली क्रिया थोडी वेगाने होते, एवढेच त्याचे कारण. त्याच उष्णतेने सेल फुटण्याची आणि गळण्याचीही शक्यता वाढते. कांडीने भिंतीवर किंवा फरशीवर रेघा ओढता येतात म्हणून मुले दगडाने सेल ठेचतात. त्यातली काळी भुकटी हाताला लागते आणि हातावरून तोंडात जाते.

हा सेल जस्त आणि मँगनीजचा असल्याने शिशाच्या बॅटरीइतका घातक नाही, हे खरे. पण स्वस्त सेलच्या जस्तात शिसे किंवा कॅडमियमचा अंश असू शकतो, आणि गावाकडे कचऱ्याचा प्रवास उकिरड्यावर संपत नाही. उकिरड्यात शेण, राख, पालापाचोळा आणि घरातली झाडलोट कुजते आणि पेरणीपूर्वी ते सारे गाडीत भरून शेतात पसरले जाते. वर्षभर त्यात पडलेले सेलही सोबत जातात. ओलीत आणि आंबलेल्या खतात जस्ताचे डबडे लवकर सडते. गोळा न केलेला सेल असा त्याच घराच्या मातीत मुरतो. चुलीत टाकलेल्या सेलचा स्फोट होऊ शकतो, आणि त्याच्या धुरातले धातू स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या श्वासात जातात.

भाव असलेल्या बॅटरीची कथाही वाटते तितकी सुखाची नाही. शिसे वितळवून पुन्हा पुन्हा वापरता येते, त्यामुळे ही बॅटरी जवळजवळ नक्की परत येते. मात्र ती कोणाच्या हातात जाते, यावर सगळे अवलंबून असते. नोंदणीकृत कारखान्यात आम्ल वेगळे काढून निष्प्रभ करतात, प्लास्टिक वेगळे करतात आणि शिसे बंद भट्टीत वितळवतात. वजन कमी व्हावे म्हणून वाटेतच आम्ल गटारात ओतणे किंवा उघड्यावर भट्टी लावणे, हे प्रकार मात्र जीवघेणे आहेत. सेनेगलमध्ये डाकारजवळच्या थियारॉय-सुर-मेर या वस्तीत जुन्या बॅटऱ्यांचे शिसे मिसळलेली माती लोक चाळत होते. तिथे 2007-08 मध्ये काही महिन्यांत 18 लहान मुले दगावली. रक्तातले शिशाचे कोणतेही प्रमाण सुरक्षित मानता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पोटात गेलेले शिसे मोठ्या माणसाच्या मानाने मुलाच्या शरीरात चार ते पाच पट शोषले जाते, आणि त्याचा आघात वाढत्या मेंदूवर होतो.

तिसरा प्रकार लिथियमचा : मोबाइल, पॉवर बँक, नवे सौर दिवे आणि चार्जिंगच्या टॉर्च यांतला. यात जस्त वा शिसे नसले तरी आग आहे. अशी बॅटरी दाबली, भोसकली किंवा तिची दोन टोके एकमेकांना भिडली तर ती आतून तापते आणि पेट घेते. कचरा दाबणाऱ्या गाडीत हे घडू शकते. बांबूच्या, कुडाच्या घरात फुगलेली बॅटरी उशाशी चार्जिंगला ठेवणे त्याहून धोक्याचे. फुगलेली बॅटरी टोचू नये. मडक्यात कोरडी वाळू घालून तीत ती पुरावी आणि मडके घराबाहेर सावलीत ठेवावे. बटणाएवढ्या गोल सेलचा धोका वेगळाच आहे. मुलाने तो गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतही आत भाजून जखम होऊ शकते. अशा वेळी घरगुती उपायांत वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठावे लागते.

कायदा या बाबतीत बराच पुढे आला आहे. 2001 चे नियम फक्त शिशाच्या बॅटरीपुरते होते. ऑगस्ट 2022 मधल्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी सर्व प्रकारच्या बॅटऱ्या कक्षेत घेतल्या, त्या जमिनीत पुरण्यास व जाळण्यास मनाई केली आणि परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. घरातल्या कचऱ्यात बॅटरी मिसळू न देणे हे ग्राहकाचेही कर्तव्य ठरवले. त्याआधी 2016 च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग पाडले आणि शहरांत दर 20 चौरस किलोमीटरमागे घातक कचरा स्वीकारणारे एक केंद्र सांगितले. पण उत्पादकाची जबाबदारी शेवटी पुनर्वापर करणाऱ्यांकडून मिळणाऱ्या प्रमाणपत्रांवर मोजली जाते. जिथे माल ढिगाने मिळतो, तिथूनच तो उचलला जाणार. सातपुड्यातल्या तोरणमाळच्या पाड्यावरच्या चार सेलसाठी कोणी घाट चढून येणार नाही. नियमांची ही उणीव स्थानिक पातळीवरच भरून काढावी लागेल.

घराच्या पातळीवर काम थोडे आहे. ओले उकिरड्यात किंवा खताच्या खड्ड्यात, कागद-काच-पत्रा-प्लास्टिक वेगळ्या पोत्यात, आणि झाकणाचा एक प्लास्टिकचा डबा फक्त बॅटऱ्यांसाठी. डबा कोरडा हवा आणि मुलांच्या हाताबाहेर हवा. लिथियमच्या आणि 9 व्होल्टच्या बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावून मगच ती डब्यात टाकावी. गळलेला सेल उघड्या हाताने न उचलता कागदाने किंवा पिशवीने उचलावा. सुया, मुदत संपलेली औषधे आणि फुटलेल्या ट्यूबलाइट हाही घरगुती घातक कचराच, पण तो या डब्यात येऊ नये. कीटकनाशकांच्या बाटल्या पाण्यासाठी किंवा तेलासाठी पुन्हा वापरणे तर कटाक्षाने टाळावे.

खरी अडचण डबा भरल्यावर सुरू होते. नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर या शहरांत घंटागाडीला मागे एक बंद पेटी जोडणे सोपे आहे. डोंगरातला माणूस मात्र घंटागाडीची वाट पाहू शकत नाही. तो आठवडे बाजाराला येतो, रेशन दुकानात येतो आणि त्याची मुले आश्रमशाळेत राहतात. जमा करण्याच्या पेट्या तिथेच हव्यात. नवे सेल जिथे विकले जातात त्या दुकानात जुन्यांच्या बदल्यात नव्यावर रुपया-दोन रुपयांची सूट मिळाली, तर सेललाही भाव येईल. अनामत घेऊन परत देण्याची किंवा जुनी बॅटरी विकत घेण्याची पद्धत राबवायला 2022 च्या नियमांतच मुभा आहे. पाड्यांवरचे किलो-दोन किलो सेल तालुक्याच्या गावी एकत्र झाले की त्यांचे पोते होते आणि पोत्याला वाहतूक परवडते. पुढे कारखान्यात सेल दळून चुंबकाने लोखंड आणि रसायनांच्या प्रक्रियेने जस्त व मँगनीज वेगळे काढतात. लिथियमच्या बॅटऱ्यांतून मिळणाऱ्या काळ्या भुकटीत कोबाल्ट, निकेल आणि लिथियम असते. भारताला यांतले बहुतेक धातू आज बाहेरून आणावे लागतात.